डोळ्यांत भरणारं चाक आणि गाडीला बसणारं चाक

अमरावती-अकोल्यात एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये किंवा एखाद्या निवृत्त डॉक्टरांच्या अंगणात अजूनही एखादी प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर नाहीतर विलीज जीप उभी दिसते. घरातला नातू कमावता होतो आणि आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतो. पत्रा ठोकून होतो, रंग होतो, सीटकव्हरं शिवून येतात. मग चाकांची पाळी येते. नातू मोबाइलवर चकचकीत अलॉय व्हीलचा फोटो दाखवतो. मिस्त्री फोटो पाहतो, चाकाकडे पाहतो आणि म्हणतो, "दिसेल छान, पण बसणार नाही."

दिसणं आणि बसणं यांतला हा फरक मोटारीपेक्षा फार जुना आहे. वऱ्हाडातल्या रस्त्यांचा आणि वाहनांचा इतिहास या एका फरकाच्या आधारे वाचता येतो. हा फरक ज्यांच्या हातांना कळत होता त्यांची नावं मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. म्हणून हा लेख चाकाबद्दल आहे आणि चाक बसवणाऱ्यांबद्दलही आहे.

चाकाआधीचा वऱ्हाड

चाक आलं म्हणजे प्रगती आली, असं आपण शाळेत शिकतो आणि शिकवतोही. वऱ्हाडाची काळी माती हे इतक्या सहज मान्य करत नाही. पहिल्या दमदार पावसानंतर या मातीत बंडीचं चाक आसापर्यंत रुततं. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा तो बैलांच्या पाठीवर लादून. बंजाऱ्यांचे तांडे शेकडो मैलांची ही वाट तुडवत. जिथे रस्ता चाकाला साथ देत नव्हता तिथे चाक न वापरणं हाच शहाणपणा होता.

अरब जगातही असंच घडलं. रिचर्ड बुलिएट या इतिहासकाराने १९७५ साली 'द कॅमल अँड द व्हील' या पुस्तकात दाखवलं की, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत चाकाची गाडी माहीत असूनही ती कित्येक शतकं वापरातून जवळपास गेली, कारण उंटाच्या पाठीवरचा माल स्वस्तात आणि कुठल्याही वाटेने जात होता. याला मागासलेपण म्हणायचं की हिशेब, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते तो हिशेब होता. चाकाने आधी रस्त्याला बसायला हवं, मग गाडीला.

धाव

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या मार्गाने नागपूरपर्यंत पोहोचली. कापूस आता मिर्झापूरऐवजी मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला आणि शेतातून स्टेशनापर्यंतचं अंतर कापायला बंड्या हव्या झाल्या. सडका बांधल्या गेल्या. गावोगावच्या सुतार-लोहारांना काम आलं.

बंडीचं चाक करणं हे दोन कारागिरांचं काम होतं. सुताराने बाभळीच्या लाकडाचा तुंबा घडवायचा, त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर परिघाचे वक्र तुकडे जोडायचे. मग लोहाराचं काम सुरू. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला मराठीत 'धाव' म्हणतात. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवली की फुगते, तेवढ्यात ती चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे आवळून धरतं. एकही खिळा न मारता चाक एकजीव होतं.

यात सगळी करामत त्या 'थोडी लहान' मध्ये आहे. धाव जास्त लहान झाली तर आरे वाकतात किंवा चिरतात. मोठी राहिली तर चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आकसतं आणि धाव वाटेतच निसटते. उन्हाळ्यात शेतकरी चाकं पाण्यात भिजवून ठेवायचे ते याच भीतीने. लोहाराकडे पदवी नव्हती, पण उष्णतेने धातू किती वाढतो, लाकूड किती आकसतं आणि या दोन्हींचा मेळ कुठे बसतो, हे त्याला अचूक ठाऊक होतं.

भाषेनेही हे ज्ञान जपून ठेवलं आहे. 'चाकोरी' म्हणजे मुळात बंडीच्या चाकांनी वाटेत पाडलेली खोल रेघ. दोन चाकांमधलं अंतर सगळ्या बंड्यांचं सारखं असेल तर नवी बंडी जुन्या चाकोरीतून सुरळीत जाते. अंतर वेगळं असेल तर एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर. आपण 'चाकोरीबाहेर' हा शब्द कौतुकाने वापरतो. गाडीवानाला विचारलं असतं तर त्याने वेगळं मत दिलं असतं. माझ्या उर्दूच्या वर्गात मी मुलांना सांगतो की संस्कृत 'चक्र' आणि फारसी 'चर्ख' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. चक्रातून आपलं 'चाक' आलं, चर्खमधून 'चरखा' आला. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे दोन्ही शब्द शेजारी नांदले.

चाकात हवा आली

रबरी नळीत हवा भरून चाकावर चढवण्याची कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच नोंदवली होती, पण ती तेव्हा चालली नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती पुन्हा शोधली आणि तिचा धंदा उभा राहिला. १८९५ मध्ये मिशलँ बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत उतरवली.

सुरुवातीच्या टायरच्या कडेला रबराचा ओठ असायचा. तो रिमच्या वळलेल्या काठात अडकायचा आणि केवळ हवेच्या दाबाने जागेवर राहायचा. हवा कमी झाली की टायर रिमवरून उतरायचा. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच मुलूख राहिला होता आणि १९३६ नंतर निजामाच्या थोरल्या शहजाद्याला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी होती. त्या घराण्याची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. त्या काळच्या सिल्व्हर घोस्टला असेच ओठाचे टायर असत. नंतर टायरच्या कडेत पोलादी तार आली, रिमचा आकार बदलला आणि जुना टायर नव्या रिमला बसेनासा झाला. जुन्या गाडीवाल्याचा पहिला धडा इथेच आहे: टायर आणि रिम ही एकाच काळाची जोडी असते.

भारतात डनलपने १९३६ मध्ये हुगळीकाठच्या साहागंजला टायरचा कारखाना काढला. पुढे बैलगाडीसाठीही हवेचे टायर बनू लागले. लोखंडी धावेची जागा रबराने घेतली, सडका कापल्या जाणं कमी झालं आणि बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला. धावा चढवणाऱ्या अनेक लोहारांच्या भट्ट्या मात्र थंडावल्या. चाक बसवण्याचं काम लोहाराच्या भट्टीतून रस्त्याकडेच्या टायरवाल्याच्या टपरीत आलं.

जीप, फियाट, अँबेसेडर

१९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. याच कंपनीने विलीज जीपचे भाग आणून इथे जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० बनवली. तिचंच नाव पुढे पद्मिनी झालं. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अँबेसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं.

या तिन्ही गाड्यांच्या चाकांची मापं वेगळी. जीपला ६.००-१६, अँबेसेडरला ५.९०-१५, पद्मिनीला ५.२०-१४. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. टायरची उंची लिहिलेली नसे, कारण त्या काळच्या टायरची उंची रुंदीच्या जवळपास, म्हणजे सुमारे ९५ टक्के, असायची. आजच्या टायरवर १६५/८० आर १५ असं लिहिलेलं असतं: रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, 'आर' म्हणजे रेडियल आणि रिम १५ इंच.

नातू आणि मिस्त्री यांचा वाद या आकड्यांवर सुटतो. अँबेसेडरचा जुना टायर हिशेबाने सुमारे ६६ सेंटीमीटर उंच भरतो. १६५/८० आर १५ हा साडेचौसष्ट सेंटीमीटर भरतो, म्हणजे जवळपास जुळतो. आता नव्या गाड्यांसाठी सर्रास मिळणारा १७५/६५ आर १५ घ्या. रिम १५ इंचीच आहे, टायर चढतोही. पण उंची भरते ६१ सेंटीमीटरच्या आत-बाहेर. गाडीचं पोट रस्त्याच्या अडीच सेंटीमीटर जवळ येतं. मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ५५ च्या आसपास धावत असते आणि इंजिन मात्र ६० ची मेहनत करत असतं. हे गणित सातवीच्या मुलाला येतं.

दोन मिलिमीटरचा सवाल

टायर बसला तरी रिम बसेलच असं नाही. बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास मोजावा लागतो. पद्मिनीला चार बोल्ट आणि ९८ मिलिमीटरचं वर्तुळ, हे फियाटचं माप. बाजारात हव्या त्या नक्षीत मिळणारी बरीच अलॉय व्हील्स चार बोल्ट आणि १०० मिलिमीटरची असतात. फरक फक्त दोन मिलिमीटरचा. जोर लावला की चारही बोल्ट आत जातात आणि हाताला घट्टही वाटतात. प्रत्यक्षात ते तिरपे गेलेले असतात आणि एकाच बाजूने टेकलेले असतात. खड्ड्याखड्ड्यांतून ते सैल होतात आणि चाक निखळण्याची वेळ येऊ शकते. मिस्त्री ज्याला 'बसणार नाही' म्हणतो ते हे. चाक चढतं, पण बसत नाही.

जीपवाले या बाबतीत सुखी. विलीज जीपला पाच बोल्ट आणि साडेपाच इंचांचं वर्तुळ आहे, मारुती जिप्सीलाही तेच. पण तिथेही तपासायच्या गोष्टी उरतात. मधलं भोक हबवर नीट बसतं का? रिम हबपासून आत किंवा बाहेर किती सरकलेला आहे? रिम फार बाहेर आला की बेअरिंगवर तिरका भार येतो, स्टिअरिंग जड होतं आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. ही जुनी चाकोरीचीच अडचण, नव्या रूपात. अलॉय जाड असल्याने बोल्टही लांब लागतो, आणि बोल्टचं डोकं निमुळतं आहे की गोल, तेही रिमशी जुळावं लागतं.

आणखी दोन नियम प्रत्येक जुन्या मिस्त्रीला पाठ असतात. जुन्या पद्धतीचे तिरप्या दोऱ्यांचे टायर आणि रेडियल एकाच आसावर मिसळायचे नाहीत, कारण दोघांची पकड वेगळी आणि वळणावर गाडी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. जुन्या रिमवर ट्यूबलेस टायर घेतला तरी आत ट्यूब टाकायची, कारण टायर जागेवर धरणारा आतला उंचवटा त्या रिममध्ये नसतो.

ऊन आणि नवा रस्ता

लाकूड वाळवून धाव सैल करणारं वऱ्हाडी ऊन रबरालाही सोडत नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं. अशा दिवशी डांबराचं तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त असतं. टायरात हवा कमी असेल तर त्याच्या बाजू सतत मुडपतात, आतून तापतात आणि फुटतात. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. दुपारी वाढलेला दाब पाहून हवा सोडणं धोक्याचं.

उभ्या गाडीचा धोका आणखी वेगळा. जुनी गाडी कमी धावते, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र आतून म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही असो, काढून टाकावा. नियमाने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण वयाचा हिशेब आपला आपणच ठेवायचा आहे.

रस्ताही बदलला आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो अमरावती आणि वाशीम जिल्ह्यांतून जातो आणि तिथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. ज्या टायरची कल्पना खडीच्या सडकेवर ताशी ६० साठी केली होती तो या वेगात तासभर पळवणं म्हणजे जिवाशी खेळ. जो रस्ता गाडीला बसतो त्याच रस्त्याने तिला न्यावं. बंजाऱ्यांच्या तांड्यांनी हेच केलं होतं.

'पंक्चरवाला'

गेल्या काही वर्षांत 'पंक्चरवाला' हा शब्द मुसलमानांना टोमणा म्हणून वापरला जातो. समाजमाध्यमांवर तो रोज दिसतो, भाषणांतही ऐकू येतो. या टोमण्यामागे एक वस्तुस्थिती आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवलं की मुसलमान कामगार मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आहेत, आणि त्यांच्या धंद्यांत वाहनदुरुस्तीला महत्त्वाची जागा आहे. वस्तुस्थिती मान्य करायला हरकत नाही. हरकत आहे ती या कामात अक्कल लागत नाही, असं गृहीत धरण्याला.

वर जे लिहिलं ते सगळं, म्हणजे ९८ आणि १०० मधला फरक, टायरचं वय, बोल्टचं डोकं, आसावरचा भार, हे ज्ञान आमच्याकडे मराठीत किंवा उर्दूत छापील स्वरूपात क्वचितच मिळतं. ते गॅरेजमध्ये उस्तादाकडून शागिर्दाकडे जातं. 'उस्ताद' हा शब्द संगीताच्या मैफलीत आदराने घेतला जातो आणि गॅरेजमध्येही तोच वापरला जातो. ऐकणाऱ्याचा चेहरा मात्र दोन्हीकडे सारखा नसतो. धाव चढवणाऱ्या लोहाराचंही असंच झालं. त्याच्या हातातलं शास्त्र आपण 'अडाण्याचं काम' म्हणून सोडून दिलं आणि भट्टीसोबत तेही विझलं.

यात उगाच गोडवा मिसळू नये. बारा-तेरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून टायरच्या टपरीत बसतो तेव्हा ती परंपरा जपणं नसतं. घरची गरज असते आणि शाळेचं अपयशही असतं. त्याला शाळेत परत आणणं हे माझ्या पेशाचं काम आहे. पण तो परत आला की त्याने टपरीत शिकलेलं विसरावं अशी अट कशाला? वर्तुळाचा परीघ, टक्केवारी, उष्णतेने होणारं प्रसरण हे तिन्ही धडे टायरवर शिकवता येतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. गॅरेजमधल्या मुलाला तिथपर्यंत पोहोचवण्याएवढं लक्ष पालक, शिक्षक आणि उस्ताद या तिघांनी मिळून दिलं, तर त्याच्या हातातल्या कामाला कागदाचा आधार मिळेल.

जुन्या गाडीच्या मालकालाही या ज्ञानाची गरज वाढणार आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. मूळ रूप म्हणजे काय, मूळ माप कोणतं, हे सांगणारा माणूस बहुधा एखाद्या टपरीतच सापडेल. तेव्हा आजोबांच्या गाडीला चाकं घेण्याआधी मापं घ्या: रिमचा व्यास आणि रुंदी, टायरची उंची, बोल्टचं वर्तुळ, मधलं भोक, टायरची तारीख. ती कागदावर लिहा आणि जुन्या मिस्त्रीला दाखवा. तो मान हलवून 'नाही' म्हणाला तर त्याला कारण विचारा आणि तेही त्याच कागदावर लिहून ठेवा. त्याच्याकडचं हे ज्ञान आजवर कुणी लिहून घेतलेलं नाही.